ला तिरानाची कार्मेल माता आणि चिलीच्या दारातले परके

१६ जुलै हा कार्मेल मातेचा सण. आपल्याकडे या निमित्ताने नोव्हेना होते, मिस्सा होते, भाविक गळ्यात स्कॅप्युलर धारण करतात. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात मात्र हा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. कार्मेल माता ही त्या राष्ट्राची आश्रयदाती. १८१८ साली स्पेनच्या सैन्याशी मैपू येथे निर्णायक लढाई होण्यापूर्वी सांतियागो नगरीतील लोकांनी आणि त्यांच्या नेत्यांनी मातेला नवस केला होता की, जेथे विजय मिळेल तेथे तुझे मंदिर बांधू. विजय मिळाला, मंदिर उभे राहिले आणि मातेचे नाव चिलीच्या स्वातंत्र्याशी कायमचे जोडले गेले.

या सणाचा सर्वांत मोठा सोहळा राजधानीत होत नाही. तो होतो देशाच्या उत्तर टोकाकडील वाळवंटात, तारापाका विभागातील ला तिराना नावाच्या खेड्यात. इकीके हे पॅसिफिक किनाऱ्यावरील बंदर येथून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. एरवी जेमतेम हजारभर वस्तीच्या या गावात जुलै महिन्यात दोन लाखांहून अधिक भाविक लोटतात. रात्रंदिवस ढोल, झांजा आणि पितळी वाद्यांचा गजर चालू असतो. नर्तकांचे संघ रंगीबेरंगी पोशाखात, काही सैतानाचे भयंकर मुखवटे घालून, मंदिरासमोर नाचतात. ही करमणूक नव्हे, हा नवस असतो. आजारातून उठलेल्या मुलासाठी, लागलेल्या नोकरीसाठी, अमुक इतकी वर्षे मातेपुढे नाचेन असे वचन दिलेले असते आणि ते निष्ठेने पाळले जाते.

या सोहळ्याची कुळकथा मुळापासून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यातले बरेचसे काही सीमेपलीकडून आलेले आहे. 'ला तिराना' म्हणजे जुलूम करणारी स्त्री. दंतकथा अशी की, स्पॅनिश लोकांविरुद्ध लढणारी एक इंका राजकन्या हाती लागलेल्या ख्रिस्ती कैद्यांना निर्दयपणे मारीत असे, म्हणून तिला हे नाव पडले. पुढे ती एका पोर्तुगीज कैद्याच्या प्रेमात पडली, तिने बाप्तिस्मा घेण्याचे ठरवले आणि तिच्याच माणसांनी त्या दोघांना बाणांनी ठार केले. काही वर्षांनी एका धर्मगुरूंना त्या जागी क्रूस आढळला आणि तेथे मंदिर उभारण्यात आले. कथा खरी की कल्पित हा प्रश्न बाजूला ठेवू. पण ज्या गावाला परक्यावर प्रेम केलेल्या स्त्रीचे नाव आहे, ते गाव १८७९ ते १८८४ च्या पॅसिफिक युद्धापर्यंत चिलीत नव्हतेच. तो सारा मुलूख पेरू देशाचा होता. सैतानांचे नृत्य बोलिव्हियातील ओरुरो या खाणींच्या शहरातून आले. 'चिनो' नावाचा जुना नर्तकसंघ चिलीच्याच मध्यभागातील खाणकामगारांनी येथे आणला. या 'चिनो'चा चीन देशाशी काही संबंध नाही. केचुआ भाषेत त्याचा अर्थ सेवक असा होतो, आणि मातेचे सेवक म्हणून हे लोक ते नाव अभिमानाने मिरवतात. २०१४ साली युनेस्कोने या नृत्याचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात समावेश केला.

हे सर्व सविस्तर सांगण्याचे कारण असे की, याच विभागात, याच इकीके शहरात, सप्टेंबर २०२१ मध्ये एक घटना घडली आणि तिची छायाचित्रे जगभर गेली. शहरातील एका चौकात व्हेनेझुएलातून आलेली कुटुंबे मुलाबाळांसह तंबू टाकून राहत होती. २४ सप्टेंबर रोजी पोलिसांनी त्यांना तेथून हटवले. दुसऱ्या दिवशी स्थलांतरितांविरुद्ध हजारोंचा मोर्चा निघाला आणि मोर्चातील काहींनी त्या कुटुंबांचे तंबू, गाद्या, कपडे, मुलांची खेळणी रस्त्यावर रचून पेटवून दिली. चिलीच्या ख्रिस्तसभेने या कृत्याचा निषेध केला. परंतु निषेधाने प्रश्न संपत नाही. पाहुणचाराबद्दल स्वतःचा अभिमान बाळगणारा समाज इथपर्यंत कसा आला, हे समजून घेण्यासाठी आधी त्या समाजाची ओळख करून घ्यावी लागेल.

घरातली रीत

चिली हा सुमारे ४,३०० किलोमीटर लांब आणि सरासरी अवघा १८० किलोमीटर रुंद असा चिंचोळा देश. पूर्वेला अँडीज पर्वताची भिंत, पश्चिमेला महासागर, उत्तरेला जगातील अत्यंत कोरडे वाळवंट, दक्षिणेला हिमनद्या. जणू बेटावर राहिल्यासारखे हे लोक शतकानुशतके राहिले. त्यामुळे की काय, शेजारच्या देशांतील लोकांच्या मानाने चिलीची माणसे काहीशी संकोची, हळू बोलणारी, तोंडावर 'नाही' म्हणण्याचे टाळणारी समजली जातात. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना ओळखीचा माणूसही 'पेर्मिसो', म्हणजे 'येऊ का', असे म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. स्त्रियांना भेटताना उजव्या गालाला गाल लावून अभिवादन करण्याची पद्धत आहे, आणि जमलेल्या प्रत्येकाला असे वेगवेगळे अभिवादन न करणे हा उद्धटपणा ठरतो.

संध्याकाळी बहुतेक घरांत रात्रीच्या जेवणाऐवजी 'ओन्से' घेतात. चहा, ताजा पाव, लोणी, चीज, आणि कुस्करलेले अव्होकाडो, ज्याला तेथे 'पाल्ता' म्हणतात. 'ओन्से' म्हणजे अकरा. संध्याकाळच्या चहाला अकरा का म्हणावे? लोक गमतीने सांगतात की, पूर्वी कामगार चहाच्या नावाखाली थोडी दारू घेत, आणि दारूसाठी असलेल्या 'आग्वार्दियेंते' या शब्दात स्पॅनिश लिपीतील अकरा अक्षरे आहेत! व्युत्पत्ती पटो न पटो, पाव मात्र खराच महत्त्वाचा. जगात सर्वाधिक पाव खाणाऱ्या देशांत चिलीची गणना होते. पावावर वाढलेल्या आपल्या वसईकर आणि गोवेकर वाचकांना हे घर आपलेसे वाटेल.

तेथील स्पॅनिश भाषाही वेगळीच. बोलणे भरभर, शब्दांच्या शेवटचा 'स' गिळलेला, आणि त्यात केचुआ व मापुचे या मूळ रहिवाशांच्या भाषांतील कितीतरी शब्द. तान्ह्या बाळाला चिलीत 'ग्वाग्वा' म्हणतात. क्युबात त्याच शब्दाचा अर्थ बस असा आहे. स्पॅनिश हीच मातृभाषा असलेला व्हेनेझुएलाचा माणूसही सांतियागोत उतरल्यावर पहिले काही आठवडे गोंधळून जातो.

सप्टेंबर हा या देशाचा महिना. १८१० साली पहिले स्वतंत्र शासनमंडळ १८ सप्टेंबरला स्थापन झाले, म्हणून १८ आणि १९ सप्टेंबरला राष्ट्रीय सण असतो. फांद्यांनी शाकारलेल्या मांडवांत मांस, कांदा, अंडे, ऑलिव्ह आणि मनुका भरलेल्या 'एम्पानादा' खातात आणि हातरुमाल फडकावीत 'क्वेका' नाचतात. क्वेका हे १९७९ पासून चिलीचे अधिकृत राष्ट्रीय नृत्य आहे. आणि त्याचे मूळ पेरू देशातील सामाक्वेका या नृत्यात आहे. त्याच दिवशी सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत 'ते देउम' हा उपकारस्तुतीचा विधी होतो. १९७१ पासून त्यात अन्य ख्रिस्ती पंथांचे आणि धर्मांचे प्रतिनिधीही सहभागी होतात.

भक्तीच्या रीतींत दोन आपल्याला विशेष वाटतील. पहिली म्हणजे मारियेचा महिना. आपण मे महिना मातेला वाहतो. चिलीत तो ८ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर असा पाळतात, कारण दक्षिण गोलार्धात फुलांचा बहर तेव्हा असतो. शेवटच्या दिवशी सांतियागो आणि वालपाराइसो यांच्या मधल्या लो वास्केस येथील तीर्थमंदिराकडे लक्षावधी लोक चालत जातात आणि त्यासाठी हमरस्ता वाहनांना बंद केला जातो. दुसरी रीत 'क्वासिमोदो'ची. ईस्टरनंतरच्या रविवारी धर्मगुरू घरोघरी जाऊन आजारी व वृद्धांना पवित्र ख्रिस्तप्रसाद देतात आणि त्यांच्या सोबत शेकडो घोडेस्वार निघतात. जुन्या काळी वाटमारी करणाऱ्यांपासून धर्मगुरूंचे आणि त्यांच्या जवळील पवित्र भांड्यांचे रक्षण करण्यासाठी शेतकरी घोड्यावरून सोबत जात, असे सांगतात. स्वार टोपी काढून डोक्याला रुमाल बांधतात, कारण प्रभूसमोर टोपी घालायची नाही. आता घोड्यांबरोबर सजवलेल्या सायकलीही असतात. जो अंथरुणावरून उठून मंदिरात येऊ शकत नाही त्याच्या दारी प्रभूने जावे, ही कल्पना एका अख्ख्या गावाने घोड्यावर बसून पाळावी, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे.

कोणता परका आपला?

१९४० च्या दशकातील एक अत्यंत लोकप्रिय गीत चिलीत आजही गायले जाते. परदेशी मित्र आला की खेड्यातली माणसे त्याला कशी प्रेमाने सामावून घेतात, असा त्याचा आशय. चिलीचे लोक ते स्वतःचे वर्णन म्हणून गातात, आणि ते अगदीच खोटे नाही. राष्ट्राचे जनक बेर्नार्दो ओ'हिगिन्स यांचे वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले होते. १८४५ च्या कायद्याने सरकारने युरोपातून वसाहतकार बोलावले. जर्मन कुटुंबे दक्षिणेत वाल्दिव्हिया, ओसोर्नो आणि यांकिवे सरोवराच्या परिसरात स्थायिक झाली. त्यांचा 'कुखेन' हा केक आज चिलीचाच पदार्थ मानला जातो. क्रोएशियातील लोक आंतोफागास्ता आणि दूर दक्षिणेच्या पुंता आरेनास येथे आले. बेथलेहेम, बेत जाला या प्रभूच्या जन्मभूमीतील गावांतून पॅलेस्टिनी ख्रिस्ती आले. अरब जगताबाहेरील सर्वांत मोठा पॅलेस्टिनी समाज आज चिलीत आहे आणि १९२० साली स्थापन झालेला 'पालेस्तिनो' हा त्यांचा फुटबॉल संघ देशाच्या मुख्य स्पर्धेत खेळतो. ३ सप्टेंबर १९३९ रोजी स्पेनच्या यादवी युद्धातील सुमारे २,२०० निर्वासितांना घेऊन 'विनिपेग' जहाज वालपाराइसो बंदराला लागले. कवी पाब्लो नेरुदा यांनी त्याची व्यवस्था केली होती.

पण या गौरवकथेला दुसरी बाजू आहे. १८४५ च्या कायद्यामागे 'सुधारलेला' युरोपीय माणूस आणावा ही इच्छा होती. त्या धोरणात मूळच्या मापुचे लोकांना मान नव्हता. पुढे त्यांच्या जमिनी लष्करी बळाने काढून घेण्यात आल्या आणि त्यांतील काही वसाहतकारांच्या हाती गेल्या. पॅलेस्टिनी लोक तुर्की साम्राज्याच्या पारपत्रावर आले म्हणून त्यांना 'तुर्क' म्हणून हिणवले जाई. युद्धानंतर उत्तरेतील पेरूच्या लोकांचा छळ झाला, अनेकांना हाकलण्यात आले. म्हणजे पाहुणचार होता, पण तो पाहुण्याचा रंग आणि मूळ पाहून होत असे. आणखी एक गोष्ट चिलीतील वयस्कांना चांगली आठवते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर सुमारे दोन लाख चिलीवासी परागंदा झाले आणि त्यांतील हजारोंना आसरा देणारा एक देश होता व्हेनेझुएला.

त्या काळात चिली हा लोकांनी सोडून जाण्याचा देश होता. १९९२ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण एक टक्काही नव्हते. २०१७ मध्ये ते ४.४ टक्के झाले आणि २०२४ च्या जनगणनेत ८.८ टक्के, म्हणजे सुमारे सोळा लाख. त्यांतील दहापैकी चार जण व्हेनेझुएलाचे. त्याखालोखाल पेरू आणि कोलंबियाचे. केवळ सात वर्षांत हे प्रमाण दुप्पट झाले. इतक्या वेगाने शेजार बदलला तर कोणत्याही देशात कुरबूर होईलच.

आधी आले हैतीचे लोक. २०१० च्या भूकंपानंतर त्यांचे येणे वाढले आणि २०१८ अखेरीस त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर गेली. सांतियागोच्या चौकात सिग्नलपाशी चॉकलेट विकणारा हैतीयन तरुण हे नित्याचे दृश्य झाले. ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांची भाषा क्रेओल होती. चिलीच्या बहुसंख्य लोकांनी तोवर कृष्णवर्णीय शेजारी पाहिलाच नव्हता. २०१७ साली राजधानीतील एका हैतीयन मातेला आपले तान्हे बाळ टाकून दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. आपली बाजू तिला स्पॅनिशमध्ये मांडता आली नाही. महिन्याभरात तिचा रुग्णालयात मृत्यू झाला आणि त्यानंतर ती निर्दोष ठरली. एका दुभाष्याअभावी हे घडले असे म्हणणे फार सोपे आहे. दुभाषी बोलवावा असे कोणाला वाटले नाही, हे अधिक गंभीर आहे. २०१८ पासून हैतीच्या लोकांना आधी व्हिसा घेणे सक्तीचे झाले. पुढे त्यांतील कित्येक कुटुंबे चिली सोडून पायी उत्तरेकडे निघाली. इकीकेत तंबू जळत होते त्याच महिन्यात अमेरिकेच्या टेक्सास सीमेवर पुलाखाली अडकलेल्या हजारो हैतीयनांत चिलीत राहून आलेले बरेच होते.

व्हेनेझुएलाच्या लोकांची भाषा एक, धर्म एक. तरी घर्षण झाले. ते मोठ्याने बोलणारे, मोकळे, संगीत लावून अंगणात बसणारे. चिलीचा शेजारी भिंतीआड शांततेची अपेक्षा करणारा आणि तक्रार तोंडावर न सांगता मनात साठवणारा. एका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहू लागली, कारण कागदपत्रे नसलेल्याला नीट घर कोण देणार? २०१९ मध्ये त्यांनाही व्हिसा सक्तीचा झाला, मग महासाथीत सीमा बंद झाल्या, आणि लोक चोरवाटांनी येऊ लागले. मुख्य वाट ३,६०० मीटरहून उंचावरील कोलचाने या सीमेवरील गावातून. आयमारा लोकांची ती लहानशी वस्ती. २०२१ च्या आरंभी तेथे शेकडो माणसे येऊन पडली. पाणी, शौचालये, दवाखाना, काहीच पुरेना. कित्येक जण थंडीने आणि विरळ हवेने वाटेतच दगावले. बोलिव्हियाच्या ओरुरो शहराकडून इकीकेकडे येणारा रस्ता हाच. ज्या दिशेने मातेपुढील नृत्य आले त्याच दिशेने ही माणसे आली.

स्थानिकांची भीती निव्वळ वर्णद्वेष म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. 'त्रेन दे आराग्वा' ही व्हेनेझुएलातील गुन्हेगारी टोळी याच उत्तर भागात शिरली; खंडणी, स्त्रियांचा व्यापार, अपहरणे असे गुन्हे घडू लागले. खुनांचे प्रमाण २०१८ मध्ये लाखामागे सुमारे ४.५ होते, ते २०२२ मध्ये ६.७ झाले. या टोळीचे पहिले बळी बहुधा स्थलांतरितच असतात, हे मात्र मोर्चात कोणी सांगत नाही. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत होसे आंतोनियो कास्त राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. बेकायदा आलेल्यांची हकालपट्टी आणि सीमेचा कडक बंदोबस्त हे त्यांच्या प्रचाराचे मुख्य सूत्र होते. ते स्वतः जर्मनीतून आलेल्या दांपत्याचे पुत्र आहेत. त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष गाब्रियेल बोरिच यांचे पूर्वज क्रोएशियाचे.

ख्रिस्तसभा काय करते

परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस जानेवारी २०१८ मध्ये चिलीत गेले, तेव्हा त्यांनी अखेरची मिस्सा मुद्दाम इकीकेच्या समुद्रकिनाऱ्यावर अर्पण केली. कार्मेल मातेच्या सन्मानार्थ ती मिस्सा होती. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे मारियेच्या आधी लक्षात आले. तसेच आपल्या भोवती कोणाचे काय संपले आहे हे पाहा, भाषा येत नाही किंवा कागदपत्रे नाहीत म्हणून कोणाची पिळवणूक होत असेल तर तिकडे लक्ष द्या, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय होता. ही मिस्सा इकीकेतील त्या घटनेच्या साडेतीन वर्षांहून अधिक काळ आधीची.

चिलीच्या ख्रिस्तसभेपाशी यासाठी जुना आदर्शही आहे. येशूसंघीय संत आल्बेर्तो उर्तादो यांनी १९४४ साली 'ओगार दे क्रिस्तो', म्हणजे ख्रिस्ताचे घर, ही संस्था स्थापन केली. रात्री हिरव्या रंगाची गाडी घेऊन ते रस्त्यावर झोपलेली मुले आणि निराधार माणसे शोधीत फिरत. त्याआधी १९४१ मध्ये त्यांनी 'चिली हा कॅथोलिक देश आहे काय?' असे नावच असलेले पुस्तक लिहून आपल्याच लोकांना अस्वस्थ केले होते. २००५ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या संस्थेची दारे आज स्थलांतरितांनाही उघडी आहेत. येशूसंघीयांची स्थलांतरित सेवा कायद्याचे साहाय्य देते, तर बिशपांची स्थलांतरविषयक संस्था कागदपत्रे, स्पॅनिशचे वर्ग, नोकरीचा शोध अशी रोजची कामे करते. काही धर्मग्रामांत क्रेओल भाषेत मिस्सा होऊ लागली.

तरी एक कटू सत्य नोंदवलेच पाहिजे. धर्मगुरूंकडून झालेल्या बाललैंगिक शोषणाच्या आणि ते झाकले गेल्याच्या प्रकरणांनी या ख्रिस्तसभेचा शब्द दुबळा झाला आहे. मे २०१८ मध्ये चिलीच्या सर्व बिशपांनी पोप फ्रान्सिस यांच्याकडे राजीनामे सादर केले होते. २००२ च्या जनगणनेत सुमारे ७० टक्के लोकांनी आपण कॅथोलिक असल्याचे सांगितले; २०२४ मध्ये सुमारे ५४ टक्क्यांनी. पूर्वी बिशपांच्या एका पत्रकाने जे झाले असते, ते आता होत नाही. जे होते ते धर्मग्रामातल्या स्वयंपाकघरात, वर्गात, मंदिराच्या बाकावर शेजारी बसण्याने.

मंदिरात येणाऱ्यांत हे नवे लोक आहेत. पेरूच्या स्थलांतरितांनी आपल्याबरोबर 'चमत्कारांचा प्रभू' या क्रूसावरील येशूच्या चित्राची भक्ती आणली. ऑक्टोबरमध्ये जांभळी वस्त्रे घातलेले त्यांचे बंधुमंडळ हे चित्र खांद्यावर घेऊन सांतियागोच्या मध्यवस्तीतून मिरवणूक काढते. तेथील कॅथेड्रलच्या बाजूची गल्ली वर्षानुवर्षे पेरूच्या लोकांची भेटण्याची, काम शोधण्याची जागा आहे. सप्टेंबरच्या आरंभी चिलीची ख्रिस्तसभा राष्ट्रीय स्थलांतरित दिन पाळते. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी १८ तारीख येते, कॅथेड्रलमध्ये 'ते देउम' होते आणि बाहेर मांडवांत क्वेका सुरू होतो.